साबण कुठून आला? एका शब्दाचा माग काढायची रीत

वहीचं एक कोरं पान घ्या, मधोमध मोठ्या अक्षरांत ‘साबण’ लिहा आणि कोपऱ्यात तारीख टाका. पान मोठं असू द्या. हा शब्द फार लांबून आपल्या मोरीपर्यंत आलाय आणि वाटेत त्याने जिथे जिथे मुक्काम केला, ती सगळी नावं याच पानावर यायची आहेत.

मी पंचवटीत राहते आणि गेली अकरा वर्षं घरी साबण करते. खोबरेल, एरंडेल, ऑलिव्ह तेल आणि कॉस्टिक सोडा एवढाच पसारा. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात माझ्या स्टॉलसमोर सातवी-आठवीतली एक मुलगी उभी राहिली. वडी नाकाला लावली, खाली ठेवली आणि म्हणाली, “काकू, साबणाला साबण का म्हणतात?” मी तिला एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट खोटी होती, हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्या मुलीला मी पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि आपण एका लेकराला चुकीचं सांगून पाठवलं ही बोच अजून आहे. तेव्हापासून मी हा शब्द शोधत गेले. त्यातून जी रीत हाती लागली ती इथे मांडते. ती कुठल्याही शब्दाला लावता येईल, पण साबणावर हात बसवलात तर पुढचं सोपं जाईल.

आधी कान, मग कोश

सगळे जण आधी मोबाइल उघडतात. तसं करू नका. आधी आठवडाभर नुसतं ऐका आणि जसं कानावर पडेल तसं लिहा, शुद्ध करू नका. आमच्या घरात ‘साबण’. माझी आजी निफाडकडची, ती शेवटपर्यंत ‘साबन’ म्हणाली. बुधवारच्या बाजारात गोदाकाठी विकणाऱ्या बायकाही ‘साबन’च म्हणतात. शेजारच्या गुजराती बेन ‘साबु’ म्हणतात. जुन्या नाशकात मी ज्यांच्याकडून अत्तर घेते ते चाचा ‘साबुन’ म्हणतात. आजीच्या ‘न’ला आपण शाळेत हसायचो, लाल खूण करायचो. माग काढताना तोच ‘न’ कामाला येतो, कारण शब्द ज्या रूपात बाहेरून आला त्याच्या तो जास्त जवळचा आहे.

त्या शब्दाच्या आजूबाजूला कोणते शब्द वावरतात तेही टिपा. साबण चोळतात, लावतात, त्याचा फेस होतो, आणि तुकड्याला म्हणतात वडी. आळूची, कोथिंबिरीची, खोबऱ्याची असते तीच ही वडी. पदार्थाचं नाव पाहुणं, पण त्याच्या आकाराला आपण आपल्या स्वयंपाकघरातला शब्द दिला. पाहुणा घरात रुळल्याची खूण अशीच सापडते.

वस्तू कधी आली ते विचारा

शब्द सहसा एकटा फिरत नाही, वस्तूच्या पाठीवर बसून येतो. म्हणून दुसरा प्रश्न हा: ही वस्तू नव्हती तेव्हा आपण काय वापरत होतो?

आजी रात्री रिठे भिजत घालायची. सकाळी ते कुस्करून, उकळून, फडक्यातून गाळून त्या पाण्यात रेशमी लुगडी धुवायची. केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचं पीठ, भांड्यांना राख. रिठा म्हणजे संस्कृतातला अरिष्टक. त्याचं दुसरं संस्कृत नाव फेनिल, म्हणजे फेसाळ. शिकेकाई तमिळकडून आलेली, केसांसाठीचं फळ. यातल्या एकाही नावाचा ‘साबण’शी काही संबंध लागत नाही. रिठ्याच्या नावावरून नव्या वडीला नाव पडलं असतं, तर आज आपण फेनिल वगैरे काहीतरी म्हणत असतो. तसं झालं नाही. वडी आली ती स्वतःचं नाव घेऊनच आली.

पानावर डाव्या बाजूला हे जुने शब्द लिहा आणि त्यांच्याभोवती चौकट आखा. शेवटाकडे तिथे परत यायचंय.

आता भूमध्य समुद्राला वळसा घाला

पानाच्या उजव्या बाजूला एक लांबट अंडाकृती काढा. हा भूमध्य समुद्र. त्याच्या काठाकाठाने प्रत्येक भाषेत साबणाला काय म्हणतात ते देवनागरीत लिहीत जा. पोर्तुगीज त्या समुद्रावरचे नाहीत, पण त्यांनाही घ्या, आपल्याला ते लागणार आहेत.

पश्चिमेकडून निघू. पोर्तुगीज साबांव, म्हणजे शेवटचा स्वर पूर्ण नाकात. स्पॅनिश खाबोन, पूर्वीचा उच्चार शाबोन. कातालानमध्ये साबो. फ्रेंच सावाँ. इटालियन सापोने, सिसिलीत सापुनी. समुद्र ओलांडून क्रोएशिया, अल्बानियात सापुन. ग्रीक सापूनी. तुर्की साबुन. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, इजिप्त आणि तिथून थेट मोरोक्कोपर्यंत अरबी साबून. हिब्रूत साबोन. मधोमध माल्टा बेटावर सापुना.

हे पान पहिल्यांदा पूर्ण झालं तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले होते. एकमेकांशी शतकानुशतकं लढलेले हे लोक, तीन धर्म, चार-पाच लिप्या, आणि हात धुवायला सगळे एकच शब्द घेतात.

पण नुसतं सारखं दिसतंय म्हणून खूश होऊन थांबायचं नाही. आपलंच उदाहरण घ्या. साबूदाण्यातला ‘साबू’ ऐकायला गुजराती साबुसारखाच आहे, पण तो मलाय भाषेतल्या ‘सागू’वरून आलाय आणि त्याचा साबणाशी कसलाही संबंध नाही. ‘शाबूत’चंही तेच, तो अरबी ‘साबित’चा. म्हणून यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथे घाई करू नये.

हाडं मोजा

स्वर हे शब्दाचं मांस, वाटेत झडतं, भरतं. व्यंजनं ही हाडं. वरच्या सगळ्या रूपांतून स्वर काढून टाका, काय उरतं? स-प-न, स-ब-न आणि फ्रेंचमध्ये स-व. पोर्तुगीज आणि फ्रेंचमध्ये न नाकात गेलेला, कातालानमध्ये गळलेला, आणि स्पॅनिशचा ख पूर्वीच्या शचा. म्हणजे भांडण फक्त मधल्या अक्षराचं आहे: प, ब की व?

आता हा बदल त्या त्या भाषेत नेहमी होतो की फक्त याच शब्दात, ते तपासायला दुसरा शब्द घ्या. मी बकरी घेतली. लॅटिनमध्ये बकरी म्हणजे काप्रा. इटालियन काप्रा, स्पॅनिश काब्रा, फ्रेंच शेव्र. प, ब, व. तोच क्रम! सापोने, खाबोन, सावाँ. म्हणजे या तिघी एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी आणि प्रत्येक जण आपापल्या घरच्या नियमाने बदललेली.

लॅटिन शब्द होता ‘सापो’. मग सगळीकडे शेवटी ‘न’ कुठून उगवला? ज्यांनी शाळेत संस्कृत केलंय त्यांना हे लगेच कळेल. मूळ शब्द राजन्, पण प्रथमेत राजा, आणि विभक्ती लागली की ‘न’ पुन्हा वर येतो: राजानम्. लॅटिनमध्ये अगदी तसंच. प्रथमेत सापो, द्वितीयेत सापोनेम. पुढच्या भाषांनी रोजच्या वापरातलं विभक्तीचं रूप उचललं, म्हणून ‘न’ टिकला.

अरबीतला ‘ब’ मात्र वेगळ्या कारणाने आलाय. अरबीत ‘प’ हा ध्वनीच नाही. बाहेरचा ‘प’ आला की त्याचा ‘ब’ होतो किंवा ‘फ’. याचा पुरावा आपल्या तोंडात रोज असतो: पारसी आणि फारसी. मूळ एकच, पार्स हा प्रांत, अरबांच्या जिभेवर तो फार्स झाला. ‘ब’चं उदाहरण हवं तर पॅलेस्टाइनमधलं नाब्लुस शहर घ्या. रोमन काळात त्याचं नाव होतं नेआपोलिस, ग्रीकमध्ये नवं शहर. इटलीतलं नापोली म्हणजे नेपल्सही तेच नाव. इटालियनांनी ‘प’ ठेवला, अरबांनी त्याचा ‘ब’ केला. नेआपोलिसचं नाब्लुस झालं, तसंच सापोनचं साबून. आणि हे नाब्लुस ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. शहराचं नाव आणि तिथल्या मालाचं नाव एकाच नियमाने बदललेलं! हे जुळलं त्या दिवशी मी हातातलं काम तसंच टाकून मुलीला फोन केला होता.

याच नियमाने आणखी दोन गाठी सुटतात. तुर्कीत ‘प’ आहे, शेजारचे ग्रीक सापूनी म्हणतात, तरी तुर्की माणूस साबुन म्हणतो. म्हणजे त्याने तो शब्द अरबीकडून घेतला. उलट माल्टाची भाषा अरबीच्या कुळातली, पण तिथे सापुना, ‘प’ शाबूत. कारण माल्टाने तो सिसिलीकडून घेतला. यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: भाषेचं कूळ आणि शब्दाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात जुना कागद

ध्वनी जुळले की लेखी पुरावा शोधायचा, आणि जितका जुना मिळेल तितका मागे जायचं. ‘सापो’बद्दल लिहिणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक म्हणजे रोमन लेखक थोरला प्लिनी. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात तो गेला. आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या 28व्या भागात तो सांगतो, की सापो ही गॉल लोकांची, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या लोकांची युक्ती, केसांना तांबूस रंग आणण्यासाठी. ती चरबी आणि राखेपासून करतात, बीच झाडाची राख आणि बकऱ्याची चरबी सगळ्यात चांगली, दाट आणि पातळ अशा दोन प्रकारची असते, आणि जर्मनांमध्ये ती बायकांपेक्षा पुरुषच जास्त वापरतात.

नीट वाचा हे. रोमन माणूस साबणाबद्दल परक्याच्या वस्तूसारखं बोलतोय. रोमन लोक अंगाला तेल चोळून वाकड्या धातूच्या पट्टीने ते खरवडून काढायचे, अभ्यंगाच्या जवळ जाणारी ती पद्धत. साबण आल्प्स पर्वताच्या पलीकडचा. भाषाशास्त्रही तेच म्हणतं: लॅटिन सापो हा उसना शब्द आहे, त्याचं मूळ जर्मानिक. इंग्रजी सोप, जर्मन झायफं हे त्याच मुळाचे, ते लॅटिनमधून आलेले नाहीत. त्या जर्मानिक मुळाचं रूप कुणी लिहून ठेवलेलं नाही, पुढच्या भाषांवरून ते बांधलेलं आहे. अशा रूपाआधी कोशात एक तारा छापतात. तारा दिसला की समजा, लेखी पुरावा इथे संपला. वहीत तुम्हीही तारा काढा.

मग उत्तरेचा शब्द दक्षिणेच्या समुद्रभर कसा पसरला?

याचं उत्तर मला वाचनात नाही, पातेल्यात मिळालं. साबण म्हणजे तेल किंवा चरबी अधिक खार. लाकडाच्या राखेतला खार मुख्यतः पोटॅशचा, त्याचा साबण मऊ, लगद्यासारखा होतो. समुद्रकाठच्या खारट झुडपांच्या राखेत सोडा असतो, त्याचा साबण घट्ट बसतो. त्या राखेचं अरबी नाव अल-किली, त्यावरूनच शाळेतल्या रसायनशास्त्रातलं अल्कली आलं. भूमध्याच्या काठावर ही झुडपं होती आणि ऑलिव्हचं तेल मुबलक होतं.

तुम्हाला हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एकदा साबण करणाऱ्या कुणाच्या शेजारी उभे राहा. शंभर ग्रॅम खोबरेलाला साधारण 18 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला साधारण साडेतेरा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. ते पाणी आपोआप गरम होतं, वाफ येते, मग निवतं. तेलात ओतून फिरवत राहिलं की आधी दुधाळ होतं, मग श्रीखंडाच्या चक्क्यासारखं दाटतं, चमच्याची रेघ वर उमटून राहते. साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी सुरीने वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हवेवर वाळू द्यायच्या. शुद्ध ऑलिव्हच्या तेलाला याहून जास्त वेळ लागतो. सीरियातल्या अलेप्पोत ऑलिव्हच्या आणि लॉरेलच्या तेलाचा साबण असाच कापून, शिक्का मारून, हवा खेळेल अशा उंच चळती रचून महिनोन्‌महिने वाळवतात.

आता त्या वाळलेल्या वडीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. सांडत नाही, नासत नाही, उंटावर लादता येते, जहाजाच्या तळात रचता येते, वर शिक्का असतो. लगद्याला हे भाग्य नाही. माझं मत ठाम आहे: शब्द उत्तरेतून आला, पण त्याला पाय फुटले ते या घट्ट वडीमुळे. अलेप्पो, नाब्लुस, स्पेनमधलं कॅस्टाइल, फ्रान्समधलं मार्सेय ही सगळी ऑलिव्ह तेलाच्या घट्ट साबणाची ठिकाणं. मार्सेयच्या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरी चरबी घालायची नाही असा राजाचा हुकूम 1688 साली निघाला होता, इतका तो धंदा मोठा होता. आणि 2024 मध्ये अलेप्पो आणि नाब्लुस या दोन्ही ठिकाणच्या साबण करण्याच्या कलेला युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली.

शब्दाचा माग काढताना म्हणून मी नेहमी विचारते, ही वस्तू वाहून कोण नेत होतं आणि ती वाहून नेण्यासारखी होती का? हा प्रश्न विचारला नाही तर पानावर नुसती नावं उरतात, त्यांना जोडणारी वाट दिसत नाही.

आपल्याकडे कोणत्या दाराने आला?

आता खरी कसोटी. आपल्या ‘साबण’मध्ये ‘ब’ आहे. पण ‘ब’ अरबीतही आहे आणि पोर्तुगीजमध्येही. मराठीत पोर्तुगीज शब्द भरपूर: बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, घमेलं. मग साबणही वसई-गोव्याच्या बाजूने आला असेल, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वर्षभर तसंच वाटत होतं.

हा प्रश्न शेपटीवरून सोडवा. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी तो नाकातला ‘आंव’ आहे. तसाच शेवट असलेले दुसरे पोर्तुगीज शब्द मराठीत येऊन काय झाले? पांवचा झाला पाव. लेइलांवचा झाला लिलाव. दोन्हीकडे शेवटी ‘आव’. मग साबांवचा ‘सबाव’ किंवा ‘साबाव’ व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्या शब्दात शेवटी ठणठणीत अनुनासिक व्यंजन आहे, अरबी साबूनसारखं.

दुसरा पुरावा तारखेचा. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. त्या वेळी गुरू नानक एकोणतीस वर्षांचे होते, तिकडे पंजाबात. त्यांच्या जपजीमध्ये मळलेला कपडा साबण लावून धुण्याचा दाखला आहे आणि तिथे शब्द आहे ‘साबूणु’. पोर्तुगीज गलबतांचा वाराही न लागलेल्या मुलखात हा शब्द दृष्टान्तात वापरण्याइतका घरचा झालेला होता. आणि पाहा, त्यांच्याकडेही ‘ण’च.

आपल्याकडे तुकोबा आहेत. “नाहीं निर्मळ जीवन, काय करील साबण.” इथे थोडं थांबा, कारण ही ओळ पुष्कळ जण चुकीची वाचतात. जीवन म्हणजे आयुष्य नव्हे, इथे जीवन म्हणजे पाणी. पाणीच स्वच्छ नाही, तर साबण काय करणार? धुणं धुणाऱ्या माणसाचा अनुभव आहे तो. रामकुंडाच्या खाली गाडगे महाराज पुलाकडे पावसाळ्यात गोदेचं गढूळ पाणी पाहिलंत की ती ओळ डोळ्यांपुढे उभी राहते. तुकोबा 1650 साली गेले. म्हणजे सतराव्या शतकात देहूतल्या श्रोत्याला साबण समजावून सांगावा लागत नव्हता.

तिसरा पुरावा मला अत्तरवाल्या चाचांनी दिला. माझ्या भाच्याने कुवेतहून अलेप्पोच्या साबणाची एक वडी आणली होती, वर अरबी शिक्का. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती. चाचांनी चष्मा चढवून बोट ठेवत ठेवत वाचलं: “साद, अलिफ, बे, वाव, नून. साबून.” मग म्हणाले, “ये साद है बेटी, सीन नहीं.” उर्दूत ‘स’ला एकाहून जास्त अक्षरं आहेत, उच्चार सगळ्यांचा सारखाच. त्यातलं साद हे बहुतेक करून अरबीतून आलेल्या शब्दांतच दिसतं. उर्दूत आजही साबण सादनेच लिहितात. मराठीत आपण सगळ्यांना एकच ‘स’ देतो, त्यामुळे ही खूण पुसली जाते. म्हणून अरबी-फारसीचा संशय आला की उर्दू वाचणाऱ्या माणसाकडे जा आणि स्पेलिंग विचारा. शब्दाचा दाखला तिथे लिहिलेला असतो.

तर वाट अशी दिसते: जर्मानिक मूळ, लॅटिन, मग पूर्व भूमध्यातल्या ग्रीक आणि अरामी (अरबीच्याच कुळातली जुनी भाषा) बोली, तिथून अरबी, अरबीतून फारसी, आणि फारसी दरबाराबरोबर दख्खन. वकील, हिशेब, अक्कल, साहेब हे अरबी शब्द याच रस्त्याने आले. तुम्ही वहीच्या कोपऱ्यात टाकलेली ‘तारीख’सुद्धा. मुघलांच्या काळात आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. ते नाव पुसलं गेलं, साबण राहिला.

‘न’चा ‘ण’ का झाला? मराठीच्या जुन्या घरगुती शब्दांत दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ होतो, पानीयचं पाणी, जनाचं जण. साबूनही त्याच चाकोरीत बसला असं मला वाटतं. हे मी वहीत पेन्सिलने लिहिलंय, पेनने नाही. तुम्हीही पक्कं आणि अंदाज यांना दोन वेगळी साधनं ठेवा.

कोश उघडायची वेळ आता आली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857ची दुसरी आवृत्ती, इंटरनेटवर फुकट शोधता येते. त्यात शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी, पोर्तुगीज अशा मुळांच्या लहान खुणा असतात, त्या आधी समजून घ्या. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश 1925चा, आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश 1946चा. आमच्याकडे टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, अशा जुन्या ग्रंथालयात एखादी दुपार काढाच. साबणापुढे काय लिहिलंय ते मी मुद्दाम सांगत नाही. स्वतः पान उलटा आणि तुमच्या वहीशी ताडून बघा.

गोड गोष्टींपासून जपा

आता त्या मुलीला सांगितलेली गोष्ट. रोमजवळ सापो नावाचा डोंगर, वर देवळात पशूंचे बळी, पावसाने चरबी आणि राख वाहून खाली नदीत, आणि तिथे धुणं धुणाऱ्या बायकांचे कपडे जास्त स्वच्छ निघू लागले. म्हणून डोंगराच्या नावावरून साबण. ऐकायला किती सुंदर! गोदाकाठच्या बाईला तर ती लगेच पटते. मी ती तीनशे वेष्टनांवर छापून घेतली होती.

ती अशी पडते: त्या नावाचा डोंगर रोमजवळ कुठे सापडत नाही, प्लिनी साबण गॉल लोकांचा सांगतो, आणि जर्मानिक भाषांतल्या शब्दाचा त्या गोष्टीत पत्ता नाही. फ्रेंच सावाँ हा इटलीतल्या सावोना गावावरून आला, ही दुसरी तसलीच गोष्ट. प-ब-व हा नियम एकदा हातात आला की तिची गरजच उरत नाही. मी ती तीनशे वेष्टनं रद्दीत दिली. एकाच गावावरून, एकाच प्रसंगावरून शब्द जन्मला असं कुणी सांगितलं की आधी हाडं मोजायची आणि तारखा बघायच्या.

चौकटीतला रिठा

डावीकडची चौकट आठवते? रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव बघा: सॅपिंडस. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयस या शास्त्रज्ञाने वापरलेलं हे नाव लॅटिन सापो आणि इंडिकस जोडून झालंय, म्हणजे भारतातला साबण. रिठ्यातल्या फेस करणाऱ्या द्रव्याचं नाव सॅपोनिन, आणि तेलाचा साबण होण्याच्या क्रियेचं नाव सॅपोनिफिकेशन. आजीच्या फडक्यातून गाळलेल्या त्या पाण्यालाही शेवटी त्याच शब्दाने गाठलं. चौकटीपासून समुद्रापर्यंत एक बाण काढा, दोन्ही टोकं असलेला.

हे पान पुरं करायला तुम्हाला महिना लागेल. झालं की दुसरं पान घ्या आणि मधोमध ‘नारिंग’ लिहा. हा प्रवास उलटा आहे, आपल्याकडून तिकडे. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा, ग्रीक नेरांत्झी. पण इटालियनमध्ये आरांचा आणि फ्रेंचमध्ये ओरांज, सुरुवातीचा ‘न’ गायब. तो कुठे गेला ते शोधताना त्या भाषांत नामाच्या आधी ‘एक’ या अर्थाने लावतात तो छोटा शब्द मोठ्याने म्हणून बघा, फळाच्या नावासकट, भरभर, दहा वेळा.